चर्चा धागा: रोजच्या बोलण्यात 'लुब्ध' म्हणायला काय हरकत आहे?

प्रूफवाचक
एखाद्या गोष्टीने मन ओढून घेतलं, तिच्यावरून नजर हटेना, तर आपण पुण्यात काय म्हणतो? 'भारी.' मिसळ भारी, सवाईतला यमन भारी, मेट्रो भारी, शेजाऱ्यांचं मांजरही भारी. एका शब्दाला किती राबवायचं? माझं म्हणणं, अशा वेळी 'लुब्ध' वापरून बघा. मी वापरते. तीन वाक्यं देते:

'बाजीराव रस्त्यावर बस अडकली की मी विश्रामबाग वाड्याच्या सुरूदार खांबांवर लुब्ध होऊन बसते.'
'आमचे चिरंजीव सध्या जेसीबीवर लुब्ध आहेत.'
'मी काही त्या गवारीवर लुब्ध नव्हते, भूक लागली म्हणून खाल्ली.'

तिसरं मुद्दाम दिलंय. ज्या शब्दाने भांडता येतं तो शब्द घरात वावरू शकतो.

कसब्यातला
ताई, वाड्याचं वाक्य छापायला ठीक आहे. पण बोलताना मराठी माणूस अशा वेळी विशेषणाकडे जातच नाही, क्रियापदाकडे जातो. भुरळ पडली. जीव जडला. मनात भरलं. वेड लावलं. भान राहिलं नाही. मोहून जाणं, हरखणं, भुलणं, खुळावणं, किती सांगू? विशेषण लावलं की बोलणारा चार पावलं मागे सरून वर्णन करतोय असं वाटतं.

तुमचं जेसीबीचंच घ्या. घरातली आजी म्हणेल, 'जेसीबी दिसला की कार्टं जागचं हलत नाही.' त्यात कार्टं दिसतं, खोदलेला रस्ता दिसतो, आजीचा दुखावलेला खांदाही दिसतो. 'लुब्ध आहे' म्हटल्यावर काय दिसतं? निबंधाची वही.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आनंद आहे. त्याची वसुली आमच्या कानांकडून नको.

सिंहगडरोडकर
शिवाय जिभेला अवघड. 'ब्ध' म्हणताना दात हलतात.

प्रूफवाचक
@सिंहगडरोडकर, 'तिकिटं उपलब्ध नाहीत' म्हणताना हलत नाहीत का? 'ऐकून स्तब्धच झालो' म्हणताना? 'प्रारब्ध' तर अडाणी म्हातारीच्याही तोंडी असायचं. भ-ला त भेटला की ब्ध होतो, एवढाच मामला: लाभ-लब्ध, लोभ-लुब्ध. कवळीला दोष द्या, शब्दाला नको.

@कसब्यातला, क्रियापदं माझीही लाडकी आहेत. पण तुमची यादी परत वाचा. वेड, खुळ, भान हरपणं, भुलणं: निम्म्या ठिकाणी माणसाची बुद्धी गेलेली आहे. मला वाड्याचे खांब बघताना वेड लागत नाही, उलट नक्षी नीट दिसते. शुद्धीवर असून ओढ वाटते त्याला शब्द हवा, म्हणून लुब्ध.

अनुस्वार
'मुग्ध' घ्या की मग. मंत्रमुग्ध सगळ्यांना माहीत आहे.

प्रूफवाचक
मुग्ध आणि मूढ ही एकाच 'मुह्' धातूची दोन भावंडं. म्हणजे पुन्हा बुद्धी गेली.

पंचगंगा
पुण्यात राहून पुणेकरांचं हे ऐकत बसणं हाच आमचा टाइमपास. आमच्या कोल्हापुरात हा प्रश्न कधीच सुटलाय. नाद! 'त्याला बैलगाडीचा नाद हाय.' 'तिला गाण्याचा नाद लागलाय.' आणि विशेषणच पायजे तर नादखुळा. बुद्धी जाते म्हणून तक्रार करताय, आमच्याकडं ती गेल्याशिवाय नाद म्हणतच नाहीत.

कसब्यातला
@पंचगंगा, धाग्यातलं पहिलं मराठी वाक्य. धन्यवाद.

टेकडीवाला
थोडं अवांतर, पण अगदीच नाही. जानेवारी-फेब्रुवारीत अंधार पडला की वेताळ टेकडीवरून आग्नेयेकडे बघा. मृगाच्या पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण सापडला की त्याची रेघ खाली वाढवत न्या, तिथे बाण मारणारा उभा आहे: व्याध. रात्रीच्या आकाशातला सगळ्यांत तेजस्वी तारा. या व्याधाचं दुसरं नाव लुब्धक. शिकारीच तो. ज्याच्यावर नजर ठेवतो ते त्याला हवं असतं. प्रूफवाचक ज्याला शुद्धीवर असलेली ओढ म्हणतायत, ती शिकाऱ्याचीही असते, एवढं ध्यानात असू द्या.

हिशेबनीस
@टेकडीवाला यांनी माझं काम सोपं केलं. शब्द जुना, अवघड, पुस्तकी हे सगळं मला मान्य नाही; माझा आक्षेप वेगळाच आहे. उद्या ऑफिसात कुणी माझ्या टेबलापाशी येऊन 'मॅडम, मी तुमच्या आवाजावर लुब्ध आहे' म्हणाला, तर मी पुढची तक्रार कुठे करायची ते बघेन. 'तुमचा आवाज छान आहे' यात माझा आवाज माझ्याकडे राहतो. 'लुब्ध आहे' म्हटल्यावर त्याला काहीतरी हवंय. धनलुब्ध, सत्तालुब्ध हे शब्द आपण कुणाबद्दल वापरतो? कौतुकाने वापरतो का?

बायकांनी जेसीबीवर आणि खांबांवर खुशाल लुब्ध व्हावं. पुरुषांच्या हातात हा शब्द देण्याआधी मी दहा वेळा विचार करीन. (ट्रोल करायला येणाऱ्यांनी आधी वरचं वाक्य मोठ्याने म्हणून बघावं.)

प्रूफवाचक
@हिशेबनीस, वस्तू आणि कला यांच्यापुरता वापरावा, समोरच्या माणसाच्या अंगावर टाकू नये, इथवर मी तुमच्याबरोबर. पण मूळच खराब आहे हे नाही पटत. जुन्या पत्रांचा शेवट आठवा: 'लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा ही विनंती.' सासऱ्याने व्याह्याला लिहिलेलं असायचं हे, त्यात कुणी हव्यास वाचला नाही. बाळाला आपण लोभस म्हणतोच. लोभस म्हणजे ज्याच्याकडे ओढ वाटावी तो, लुब्ध म्हणजे ज्याला ती वाटली तो. पहिला घरात आहे, दुसरा दाराबाहेर का?

हिशेबनीस
कारण लोभ पत्राच्या शेवटी, दोन्ही बाजूंनी असायचा. लुब्ध एकटाच असतो.

गादीवरून
वडिलांपासून साडीच्या दुकानात आहे, लक्ष्मी रोडला. माणसाला एखादी गोष्ट भुरळ घालते तेव्हा तो काय बोलतो हे आम्ही रोज पोटासाठी ऐकतो, म्हणून लिहितो.

पैठणी काढली, पदर पांढऱ्या गादीवर सोडला, मोर वर आले. ज्या बाईंना घ्यायची नसते त्या विशेषणं वापरतात. 'अप्रतिम', 'सुंदर', 'काय रंग आहे हो!' असं म्हणत पुढची काढायला लावतात. जिला खरंच आवडली ती गप्प होते. हात आधी काठावर जातो, मग साडी उलटून मागची बाजू बघते, विणीचे धागे सुटे आहेत का ते. मग सोबतच्या बहिणीला एवढंच म्हणते, 'ही ठेव बाजूला.' फार तर 'नजरेत भरली.' तेव्हा मी कसब्यातल्यांच्या बाजूने. खरी ओढ असली की विशेषण येत नाही.

मात्र एक अपवाद सांगायलाच हवा. एक आजी यायच्या, निवृत्त शिक्षिका. जांभळ्या नऊवारीवर हात ठेवून म्हणाल्या, 'मी हिच्यावर लुब्ध आहे, पण माझी पेन्शन नाही.' सगळी गादी हसली. बोलणाऱ्याच्या तोंडात शब्द मुरलेला असला तर तो चिकटवलेला वाटत नाही.

प्रूफवाचक
@गादीवरून, म्हणजे तुम्ही माझ्याच बाजूने बोललात.

कसब्यातला
आजी मुरलेल्या होत्या. तुम्ही उद्यापासून मुरवणार म्हणता. फरक आहे. आम्ही दहाजणांनी ठरवून तो शब्द वापरला तर अमृततुल्यवाला आम्हाला चहा देताना दचकेल.

सिंहगडरोडकर
मी काल बायकोला म्हणालो, 'तुझ्या आमटीवर लुब्ध आहे.' तिने विचारलं, काय काम आहे?

हिशेबनीस
@सिंहगडरोडकर, बघा! हेच म्हणत होते.

पंचगंगा
वहिनींचा नाद करायचा नाय.

गादीवरून
@प्रूफवाचक, शब्द जरूर वापरा, पण तुळशीबागेत किंवा आमच्या गादीवर भाव ठरायच्या आधी नको. त्या आजींना मी नंतर सूट दिली, ती पेन्शनच्या वाक्यामुळे. नुसतं पहिलं वाक्य बोलल्या असत्या तर पूर्ण पैसे घेतले असते.