आरवायएचबी स्यूडोमोनासमध्ये सापडत नाही, मग लोह वाचवतं कोण?

द्राक्षमाती_तासगाव
एम.एस्सी. मायक्रो, दुसरं वर्ष. आमच्याच बागेतली, वेलाच्या मुळाजवळची माती घेऊन किंग्ज बी अगारवर (जीवाणू वाढवायच्या खाद्यावर) स्यूडोमोनास हा जीवाणू वाढवलाय. यूव्हीखाली असा हिरवट-पिवळा चमकतो की लॅबमधले काका हातातला झाडू टाकून बघायला आले. मॅडम म्हणाल्या, लोह कमी पडलं की हा काय करतो ते लिही.
ई. कोलाय जीवाणूत लोह जपून वापरायचं काम आरवायएचबी नावाचा साधारण ९० अक्षरांचा (न्यूक्लिओटाइडांचा) छोटा आरएनए करतो (२००२ चा शोध). मी त्याचा क्रम स्यूडोमोनास एरुजिनोसाच्या जीनोमवर ब्लास्ट केला, म्हणजे क्रम जुळवणाऱ्या प्रोग्रॅमनं शोधला. एकही हिट नाही! पण २००४ पासून तिथं पीआरआरएफ-१ आणि २ हे छोटे आरएनए हेच काम करतात असं वाचलं. हे आरवायएचबीचेच वंशज, ओळखू न येण्याइतके बदललेले? की घराणंच वेगळं?

जतचा_मास्तर
पोरी, नाव राहू दे, आधी काम बघ. टँकरच्या दिवसांत आमच्याकडं माणसाचं आणि जनावरांचं पाणी राखतात, ऊस वाळला तर वाळू देतात. ई. कोलायचंही तेच. लोह आहे तोवर फर प्रथिन ते धरून आरवायएचबीच्या जनुकावर ठाण मांडून बसतं. लोह संपलं की उठतं. मग आरवायएचबी तयार होतो, एचएफक्यू प्रथिनाच्या मदतीनं लोहखाऊ प्रथिनांच्या एमआरएनएला (प्रथिन बनवायच्या निरोपाला) चिकटतो. प्रथिन बनवणाऱ्या रायबोसोमला बसायला जागा राहत नाही, एमआरएनए तुटून जातो. सक्सिनेट डीहायड्रोजनेज हे लोह वापरणारं एन्झाइम म्हणजे त्यातला मोठा ऊस.
आता गंमत बघ. ते एन्झाइम आरवायएचबी नसलेल्या कितीतरी जीवाणूंत आहे. म्हणजे ऊस जुना, आणि पाणी कुणाला द्यायचं ते ठरवणारं पाळीपत्रक, म्हणजे छोटा आरएनए, नंतरचं. बॅसिलस सबटिलिसमध्ये एफएसआरए नावाचं तिसरंच पाळीपत्रक आहे, तेही फरच्याच हुकमातलं. गावोगावी आपापलं केलेलं.

कराडी_कोडवाला
मास्तर, दाखला झकास. पण नुसत्या ब्लास्टवरून घराणं वेगळं म्हणता येत नाही. कॉलऱ्याच्या व्हिब्रिओतला आरवायएचबी २०० अक्षरांहून लांब आहे, ई. कोलायच्या दुपटीहून जास्त, आणि जुळतो फक्त मधला तुकडा. तरी तो सख्खा नातलग. प्रथिनाच्या जनुकाला कोडॉनची, म्हणजे तीन-तीन अक्षरांच्या शब्दांची, शिस्त असते. इथं लक्ष्य एमआरएनएशी जोडी जमवणारा छोटा तुकडा सांभाळला की बाकीचं वाहून गेलं तरी चालतं.
ताई, एक सांगा, खिडकीत मेगाब्लास्टवर (ब्लास्टच्या झटपट प्रकारावर) टिक होती ना? त्याला सुरुवातीलाच सलग २८ अक्षरं जुळलेली लागतात. ९० अक्षरांच्या आरएनएला हे म्हणजे चाळणीनं पाणी भरणं. वर्ड साइज, म्हणजे सुरुवातीला जुळायला लागणारी अक्षरं, ७ करा. त्याहून बरं म्हणजे आरफॅम या आरएनए-घराण्यांच्या संग्रहातलं मॉडेल घेऊन इन्फर्नल हा प्रोग्रॅम चालवा, ते क्रमासोबत घडीही बघतं. आणि शेजारची जनुकं बघाच. क्रम पुसला गेला तरी शेजार बऱ्याचदा टिकतो.
एवढं करूनही पीआरआरएफ आरवायएचबीच्या घराण्यात बसत नाही, तेव्हा मास्तरांचं उत्तर बरोबरच. एरुजिनोसात मात्र १ आणि २ शेजारी-शेजारी आहेत, जवळपास हुबेहूब. एकाचे दोन झाले, ही भाऊबंदकी घरातलीच.

द्राक्षमाती_तासगाव
हो दादा, मेगाब्लास्टच होतं 🙈 पण असं नवं पाळीपत्रक शून्यातून येतं कसं? प्रथिन असं सहज उगवत नाही.

कराडी_कोडवाला
प्रथिनाला आख्खं वाक्य बरोबर लागतं. ह्याला सुरुवातीला एक प्रोमोटर (नक्कल सुरू करायची खूण), शेवटी टर्मिनेटर (थांबायची खूण) आणि मध्ये कुणाशी तरी सात-आठ अक्षरं जुळली की काम सुरू. कधी एमआरएनएची शेपटीच सुटी होऊन कामाला लागते. कधी फाजचं, म्हणजे जीवाणूंना लागणाऱ्या विषाणूचं, सामान असतं: ई. कोलायमधला ५३ अक्षरांचा डायसीएफ हा छोटा आरएनए जीनोममध्ये मुरलेल्या एका जुन्या फाजमधूनच आलाय.

द्राक्षमाती_तासगाव
काल दोन प्लेट लावल्या, एकीत फेरिक क्लोराइड घातलं. ती आज यूव्हीखाली काळीठिक्कर, दुसरी तशीच लखलखीत. चमक पायोव्हर्डिनची, म्हणजे बाहेरून लोह ओढून आणणाऱ्या रेणूची, काटकसर पीआरआरएफची. ती प्लेटवर दिसत नाही, त्यासाठी आरएनए काढावा लागेल. शेजारची जनुकं आज रात्री बघून इथंच टाकते. मास्तर, ऊस वाळू देण्याचं मात्र घरी बोलले नाही.