मदत हवी आहे : एजंटाने आणलेले गिऱ्हाईक थेट व्यवहार करू म्हणत आहे

गोदाकाठ
नमस्कार. मी नाशिकला राहते. आमची कोथरूडमधील दोन बीएचके सदनिका विकायची आहे. चार महिन्यांपूर्वी तिथल्याच एका एजंटाकडे किल्ली दिली, त्यांनी अकरा जणांना घर दाखवले आणि त्यांपैकी एका कुटुंबाशी ९६ लाखांवर बोलणे जमत आले आहे. गेल्या रविवारी मी घर झाडायला पुण्यात गेले होते, तेव्हा तेच पती-पत्नी एजंटाला न कळवता पेढे घेऊन आले आणि म्हणाले की आपण थेट व्यवहार करू, म्हणजे दोन्ही बाजूंची दलाली वाचेल आणि वाचलेल्या रकमेतले निम्मे आम्ही तुम्हाला वाढवून देऊ. एजंटाशी लेखी काहीही झालेले नाही, तोंडी एक टक्का ठरला होता. गिऱ्हाइकाला शनिवारपर्यंत उत्तर हवे आहे. एजंटाशिवाय व्यवहार करता येतो का, आणि करायचा झाल्यास कागदपत्रे कोणाकडून करून घ्यावीत, एवढेच विचारायचे आहे. वेळ कमी असल्यामुळे कृपया मुद्द्याचे सांगावे.

पेठेतला
अवश्य करता येतो. मी २०२२ मध्ये सिंहगड रस्त्यावरील माझी सदनिका एजंटाशिवाय विकली. संकेतस्थळावर जाहिरात टाकली, सात महिने प्रत्येक रविवारी स्वतः घर दाखवले, आणि करारनामा वकिलाकडून करून घेतला. विक्रीच्या व्यवहारात एजंट किल्ली फिरवण्यापलीकडे काही करत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. ९६ लाखांवर एक टक्का म्हणजे ९६,००० रुपये आणि एजंट जीएसटी लावत असेल तर त्यावर आणखी १७,२८० रुपये होतात. ही रक्कम आपल्याकडेच राहू द्यावी.

चौकट
पेठेतला यांनी सात महिने रविवार घालवले, तेच काम या एजंटाने चार महिने केले आहे. गिऱ्हाईक त्यांनी आणले, अकरा वेळा कुलूप त्यांनी उघडले, आणि आता व्यवहार ठरताना त्यांना बाजूला सारायचे, हे मला योग्य वाटत नाही. माझे वडील तीस वर्षे हाच व्यवसाय करत होते, त्यामुळे घरात बसून दलाली बुडाल्याचे फोन मी लहानपणापासून ऐकले आहेत. शिवाय करार तोंडी असला तरी तो करारच असतो, १८७२ चा करार कायदा त्याला मान्यता देतो, आणि तुमचे व्हॉट्सॲपवरील संदेश हा पुरावा होऊ शकतो. गोदाकाठ, टक्केवारीचा उल्लेख संदेशांमध्ये कुठे आहे का?

मोगरा
घर स्त्रीच्या एकटीच्या नावावर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, हे लक्षात ठेवा. घर पुढे पुरुषाला विकायचे नाही ही पूर्वीची पंधरा वर्षांची अटही आता राहिलेली नाही. आम्ही सुनेच्या नावावर घेतले तेव्हा आमचे बरेच पैसे वाचले.

गोदाकाठ
मोगराताई, मी घर घेत नसून विकत आहे. मुद्रांक शुल्क खरेदीदारच भरणार आहे. चौकट, होय, एजंटाचा ‘१ टक्का ठरल्याप्रमाणे’ असा संदेश आहे आणि त्याला मी ‘हो’ असे उत्तर दिलेले आहे.

निवृत्त_शाखाधिकारी
मी छत्तीस वर्षे बँकेत होतो आणि त्यातली शेवटची अकरा वर्षे गृहकर्जाच्या प्रकरणांची छाननी करत होतो, म्हणून काही गोष्टी विचारतो. आपण ‘आमची सदनिका’ म्हणता, परंतु सोसायटीचा भाग दाखला (शेअर सर्टिफिकेट) कोणाच्या नावावर आहे? मूळ करारनामा नोंदणीकृत आहे का, आणि त्याची नोंदणी पावती हाताशी आहे का? इमारतीला भोगवटा पत्र (इमारत राहण्यास योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) मिळालेले आहे का? आपल्याला भावंडे आहेत का? आणि पेढ्यांबरोबर विसारही घेतला आहे का? ही उत्तरे मिळाल्याशिवाय एजंट असावा की नसावा या प्रश्नाला अर्थ नाही, कारण खरेदीदार कर्ज काढणार असेल तर त्याच्या बँकेचा वकील हेच प्रश्न विचारणार आहे.

गोदाकाठ
हे सगळे स्पष्टच आहे असे वाटल्यामुळे लिहिले नव्हते. सदनिका वडिलांनी १९९४ मध्ये घेतली, भाग दाखला त्यांच्याच नावावर आहे. वडील २०१९ मध्ये गेले, आई २०२३ मध्ये. मृत्युपत्र कोणीच केलेले नव्हते. सोसायटीत वडिलांनी आईचे नामनिर्देशन केले होते. मला एकच धाकटी बहीण, ती अमेरिकेत आहे आणि तिची काहीच हरकत नाही, तिने सगळे माझ्यावर सोपवले आहे. भोगवटा पत्र सोसायटीच्या कार्यालयात आहे. त्या कुटुंबाने एक लाखाचा धनादेश दिला आहे, तो मी अजून बँकेत भरलेला नाही. आता तरी कोणी सांगेल का की वकील गाठू की एजंटच बरा?

निवृत्त_शाखाधिकारी
तो धनादेश कृपया भरू नका. आज सोसायटीच्या दप्तरी आपण सभासद नाही, त्यामुळे विक्रेता म्हणून सही करण्याचा अधिकार आपल्याला अजून सिद्ध करायचा आहे. नामनिर्देशित व्यक्ती मालक होत नाही. २०१९ मध्ये सहकार कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण जोडले गेले, त्यानुसारही नामनिर्देशित व्यक्ती वारसांचा निर्णय होईपर्यंत तात्पुरती सभासद असते, आणि येथे तर त्या माउलीही आता नाहीत. आधी वारसांच्या नावे भाग दाखला करून घ्यावा लागेल. वारसांकडून सोसायटीला हस्तांतरणाचे अधिमूल्य घेता येत नाही, पुढे त्रयस्थ खरेदीदाराला देताना मात्र महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५,००० रुपये घेता येतात. समितीने त्याहून अधिक ‘देणगी’ मागितल्यास लेखी मागणी द्या, एवढेच म्हणावे.

करनोंदी
बहिणीविषयी. ती करदृष्ट्या अनिवासी असेल तर तिच्या वाट्याच्या रकमेला खरेदीदाराने एक टक्का करकपात करण्याचा नेहमीचा नियम लागत नाही. दीर्घकालीन भांडवली नफ्यावर १२.५ टक्के आणि वर अधिभार व उपकर अशी कपात होते, आणि कमी कपातीचे प्रमाणपत्र प्राप्तिकर खात्याकडून आधी आणले नसेल तर सावध खरेदीदार तिच्या वाट्याच्या पूर्ण रकमेवर कापून मोकळा होतो. मग परतावा मिळण्यासाठी तिला विवरणपत्र भरून थांबावे लागते. या प्रमाणपत्राला वेळ लागतो, म्हणून शनिवारची घाई विसरा.

आपल्यासाठीही, पूर्ण घराची रक्कम धरून, एक हिशेब मांडतो. घर २००१ पूर्वीचे असल्यामुळे १ एप्रिल २००१ चे बाजारमूल्य, त्या दिवशीच्या मुद्रांक मूल्याच्या मर्यादेत, खरेदी किंमत म्हणून धरता येते. ते समजा ९ लाख निघाले, तर २०२५-२६ च्या ३७६ या महागाई निर्देशांकाने, म्हणजे ३.७६ पट, ते ३३.८४ लाख होते. नफा ६२.१६ लाख, त्यावर २० टक्क्यांनी सुमारे १२.४३ लाख कर. निर्देशांक न लावता नफा ८७ लाख, परंतु त्यावर १२.५ टक्क्यांनी १०.८८ लाखच कर. निर्देशांक लावला की फायदाच होतो हा समज जुन्या घरांच्या बाबतीत अनेकदा चुकतो. हा पर्याय निवासी व्यक्तीला आहे, बहिणीला नाही. आणि दलाली दिलीत तर तिची पावती जपून ठेवा, कारण ती विक्रीचा खर्च म्हणून नफ्यातून वजा होते.

पेठेतला
म्हणजे एवढ्या किचकट बाबींपैकी एकही एजंटाने सांगितली नव्हती. मग एक टक्का कशाचा घेतात? शिवाय महारेराची (राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाची) नोंदणी आहे का, हेही विचारावे.

चौकट
महारेराची एजंट नोंदणी ही नोंदणीकृत प्रकल्पांतील विक्रीसाठी आहे, १९९४ मधील घराच्या पुनर्विक्रीला ती लावणे बरोबर नाही. मात्र एक गोष्ट मान्य करते की किल्ली घेतानाच भाग दाखला मागायला हवा होता. माझे वडील दाखल्याची आणि करारनाम्याची छायाप्रत हातात आल्याशिवाय जाहिरात करत नसत. या एजंटाने ते केले नाही, ही त्याची चूक आहेच, पण त्यामुळे गिऱ्हाईक आणल्याचे काम पुसले जात नाही.

उंबरठा
माझे ऐका, विकूच नका. १९९४ च्या आसपासच्या कोथरूडमधील इमारती एकामागून एक पुनर्विकासाला जात आहेत. आमच्या इमारतीत विकासकाने वाढीव क्षेत्र आणि भाडे दोन्ही दिले, आणि ज्यांनी दोन वर्षे आधी विकले ते आज हळहळत आहेत. तोपर्यंत भाड्याने द्या.

गोदाकाठ
उंबरठा, बहिणीला आणि मला दोघींनाही पुण्याला राहायचे नाही, दर महिन्याला नाशिकहून फेऱ्या घालणे मला आता होत नाही, आणि बंद घरात शिरले की आईचा ओटा पाहून मी कामच करू शकत नाही. विकण्याचा निर्णय पक्का आहे.

निवृत्त_शाखाधिकारी
आणखी एक प्रश्न राहिला, आणि तो विचारताना संकोच वाटतो. २०१९ मध्ये वडील गेले तेव्हा आपल्या आजी, म्हणजे वडिलांच्या आई, हयात होत्या का?

गोदाकाठ
होत्या. आजी २०२१ मध्ये गेली. पण आजीचा या घराशी काही संबंध नव्हता, ती साताऱ्याला काकांकडे असायची.

निवृत्त_शाखाधिकारी
संबंध येतो, ताई. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार मृत्युपत्र न करता पुरुष वारला तर पत्नी आणि मुलांबरोबर त्याची आईही पहिल्या वर्गातील वारस असते. म्हणून २०१९ मध्ये या घराचे चार समान हिस्से झाले : आई, आपण, बहीण आणि आजी. आजींनीही मृत्युपत्र केले नसेल तर त्यांचा चौथा हिस्सा त्यांच्या मुलांकडे गेला. काका आणि आपले दिवंगत वडील सोडून आजींना आणखी मुले आहेत का? एखादी आत्या असेल तर त्या चौथ्या हिश्श्याचे तीन भाग होतील, काका एक, आत्या एक, आणि वडिलांच्या जागी आपण दोघी मिळून एक. याचा अर्थ ९६ लाखांपैकी काकांचे आठ आणि आत्यांचे आठ लाख होतात, आणि उरलेले ८० लाख, आईच्या हिश्श्यासह, आपणा बहिणींचे. बँकेत असताना याच एका प्रश्नावर मी कितीतरी प्रकरणे परत पाठवली आहेत, आणि दर वेळी समोरच्याला आजी आठवलेली नसे.

करनोंदी
सहमत आहे. काका आणि आत्या विनामोबदला हक्क सोडणार असतील तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावे, साध्या कागदावरील संमतीपत्र चालणार नाही. पैसे देऊन हक्क सोडवून घ्यायचा असेल तर मुद्रांक आणि कर दोन्ही बदलतात, तेव्हा वकिलाला खरे तेच सांगावे. बहिणीचे कुलमुखत्यारपत्र अमेरिकेतील भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घ्या आणि ते भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर येथील मुद्रांक भरा.

गोदाकाठ
दोन दिवस लिहिले नाही, क्षमस्व. आत्या आहे, धनकवडीला असते, वय अठ्ठ्याहत्तर. आजीचे मृत्युपत्र नव्हते, हे काकांनी फोनवर सांगितले. शाखाधिकारी, खरे सांगायचे तर आजीच्या हिश्श्याचा तुमचा प्रतिसाद वाचून मला आधी रागच आला, कारण या घराचे हप्ते माझ्या वडिलांनी फेडलेले मी पाहिले आहेत. लोखंडी कपाटात त्या हप्त्यांच्या पावत्या नाडीने बांधून ठेवलेल्या आहेत आणि प्रत्येकीवर त्यांच्या अक्षरात ‘भरले’ असे लिहिलेले आहे. त्याच गठ्ठ्याखाली मूळ करारनामा आणि १९९४ ची नोंदणी पावतीही सापडली.

एजंटाला मी स्वतः फोन करून गिऱ्हाईक परस्पर आल्याचे सांगितले. त्यांना ते ऐकून वाईट वाटले, पण आवाज चढवला नाही. ठरलेला एक टक्का मी देणार आहे, तो विक्रीच्या दिवशी, बँकेतून आणि पावती घेऊन. गिऱ्हाइकाला धनादेश परत केला आणि चार महिने थांबण्याची तयारी असेल तर हेच घर याच भावाने देईन असे लेखी कळवले. त्यांचे उत्तर अजून आलेले नाही.

पेठेतला
दलालीबाबत माझे मत बदललेले नाही, पण धनादेश परत केलात हे योग्य केलेत. गिऱ्हाईक गेले तरी घर कुठे जात नाही.

निवृत्त_शाखाधिकारी
हक्कसोडपत्र पुण्यात, हवेलीच्या दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवावे लागेल. आत्यांना जिना चढणे अवघड असेल तर वैद्यकीय कारण देऊन गृहभेटीचा अर्ज करता येतो, निबंधक घरी येऊन सही आणि अंगठा घेतात. काका-आत्या काय म्हणाले, हे आपण लिहिलेले नाही.

गोदाकाठ
काका येत्या गुरुवारी साताऱ्याहून येत आहेत. आत्याकडे काल संध्याकाळी गेले होते. आठ लाखांचा हिशेब मी तिला कागदावर मांडून दाखवला आणि हे तुझेच आहेत, तू घे असे सांगितले. तिने चष्मा लावून तो पूर्ण वाचला. मग म्हणाली की घर घेताना तुझ्या बापाला पैसे कमी पडले तेव्हा मी माझ्या पाटल्या दिल्या होत्या, त्या त्याने पुढच्या दिवाळीला सोडवून माझ्या हातात घातल्या, तो हिशेब तेव्हाच मिटला, सही कुठे करायची ते सांग. गृहभेटीच्या अर्जाबरोबर कोणत्या डॉक्टरांचा दाखला चालतो, सरकारी रुग्णालयाचाच लागतो की नेहमीच्या डॉक्टरांचा पुरतो, हे कोणाला अनुभवाने माहीत असल्यास कृपया आजच कळवावे.