३६ फुटी फिफ्थ व्हील ओढायला शिकायचंय, साठीला आलेय, सल्ला द्या

वाळव्याची_पोर

नमस्कार मंडळी. आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो. नवरा मार्चमध्ये रिटायर झाला आणि महिन्याभरात त्याने ३६ फुटांचा फिफ्थ व्हील ट्रेलर घेतला. ('आम्ही घेतला' म्हणायला हवं, सही माझीही आहे.) ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: हा गाडीच्या मागच्या गोळ्याला अडकवायचा ट्रेलर नव्हे. याची मान ट्रकच्या हौद्यात येते आणि मागच्या आसाच्या वर बसवलेल्या हिचमध्ये अडकते. आत पलंग, सोफा, फ्रीज, सगळा संसार.

आत्तापर्यंत नवऱ्याने तो दोनदा चालवला. एकदा दुकानातून घरी, चारी दिवे लुकलुकत ठेवून. दुसऱ्यांदा तळ्याकाठच्या कॅम्पग्राउंडवर. तिथे जागेत मागे घ्यायला पन्नास मिनिटं लागली. मी मागे उभी राहून हात हलवत होते, तो काच खाली करून "म्हणजे कुठे?" ओरडत होता. शेवटी शेजारच्या आजोबांनी चावी मागितली आणि दोन दमात लावून दिला. रात्री पिठलं-भात गपचूप खाल्ला.

मला स्वतःला शिकायचंय. नवऱ्याची बायपास झालेली आहे. ऑक्टोबरमध्ये कोलोरॅडोला जायचं ठरतंय, वाटेत याच्या छातीत दुखलं तर मी काय ट्रेलर रस्त्यात सोडून देऊ? शिकवणारं कोणी असतं का? सराव कुठे करायचा? ट्रक 'पाऊण टनी' डिझेल आहे (हे नुसतं ट्रकच्या वर्गाचं नाव). विकणारा म्हणाला, "काहीही ओढेल." ट्रेलरवर कमाल वजन १४,००० पौंड लिहिलंय.

दोन_ट्रॉल्या

ताई, वाळव्याच्या असून विचारताय? कारखान्याच्या गेटवर उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर बघितलाय ना? एक ट्रॉली असेल तर आमच्याकडचं पोरगंही मागे घेतं, पण पुढची चाकं दांडीबरोबर फिरणारी चारचाकी ट्रॉली मागे घ्यायची म्हणजे भल्याभल्यांचा घाम निघतो. तुमच्या ट्रेलरला सांधा एकच. त्यामानाने सोपं आहे.

अठरा_चाकी

मी कॅलिफोर्नियात अकरा वर्षं ट्रक चालवतोय. काकू, चालवायचं नंतर बघू. आधी ड्रायव्हरचं दार उघडा आणि चौकटीवरचा पिवळा स्टिकर वाचा. माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांच्या वर जाऊ नये, असं त्यावर लिहिलेलं असतं. तो आकडा इथे सांगा. "काहीही ओढेल" खरंच आहे हो, ओढेल. प्रश्न पाठीवर किती घेईल हा आहे. फिफ्थ व्हीलच्या एकूण वजनाचा साधारण पाचवा हिस्सा, कधी पावही, किंगपिनमधून (ट्रेलरच्या मानेखालचा खुंटा, जो हिचमध्ये अडकतो) थेट ट्रकच्या पाठीवर येतो. गोळ्यावरच्या ट्रेलरला हे प्रमाण दहा ते पंधरा टक्के असतं.

वाळव्याची_पोर

२,३८० लिहिलंय. म्हणजे १४,००० चा पाचवा हिस्सा २,८००... अरे देवा. हिच, आम्ही दोघं आणि माझे डबे अजून धरलेलेच नाहीत.

अठरा_चाकी

तेच म्हणतोय. घाबरू नका, पण हिशोब कागदावर सोडू नका. प्रवासाला भरता तसा ट्रेलर भरा, पाणी-गॅससकट, आणि ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर, म्हणजे तिथल्या वजनकाट्यावर, न्या. पुढचा आस, मागचा आस आणि ट्रेलरचे आस, तिन्हींचं वजन वेगवेगळं छापून मिळतं. मग ट्रेलर सोडून नुसता ट्रक तोला. ट्रकच्या दोन्ही वजनांतला फरक म्हणजे किंगपिनचा भार. थोडके डॉलर लागतात, विकणाऱ्याच्या शब्दापेक्षा स्वस्त.

भार जास्त निघाला तर दोनच वाटा: हलका ट्रेलर किंवा एक टनी ट्रक, शक्यतो मागे चार चाकांचा. आणि इथे एक गोम आहे. टेक्सासमध्ये ट्रक आणि ट्रेलरची कमाल वजनं मिळून २६,००० पौंडांच्या वर गेली आणि ट्रेलर १०,००० च्या वर असला, तर खाजगी वापरालाही ए वर्गाचं लायसन लागतं. व्यावसायिक नव्हे, साधंच, पण परीक्षा आहे. आत्ताच्या दहा हजारी ट्रकबरोबर (म्हणजे कमाल वजन १०,००० पौंड) तुम्ही खाली आहात. मोठा ट्रक घेतलात की ओलांडाल.

रिकामटेकडा_काका

एवढ्या पैशात वर्षभर हॉटेलात राहून झालं असतं. असो. चालू द्या.

निवांत_भटकी

काकांकडे दुर्लक्ष करा :) आम्ही सहा वर्षं फिफ्थ व्हील घेऊन फिरतोय, निम्मं मी चालवते. शिकवणारे असतात. आरव्ही चालवायला शिकवणारे प्रशिक्षक तुमच्याच गाडीवर, तुमच्याच गावात दोन दिवस देतात. दोघांनी एकत्र शिका आणि पहिला दिवस तुम्ही स्टिअरिंगवर बसा, नाहीतर शेवटपर्यंत मागे हात हलवायलाच उभं राहावं लागेल.

माझा धडा मात्र महागात पडला. दुसऱ्याच वर्षी, पहाटे घाईत जोडणी केली. खटका ऐकू आला, हँडल आत गेलं, मी म्हटलं झालं. किंगपिन हिचच्या जबड्यात न जाता वर टेकला होता. ट्रेलरचे पुढचे टेकूचे पाय उचलले, ट्रक हातभर पुढे गेला आणि ट्रेलर धाडकन हौद्याच्या दोन्ही कडांवर बसला. पत्र्याचा आवाज अजून कानात आहे. कोणाची चूक? माझीच, ओढून बघितलं नव्हतं.

तेव्हापासून क्रम मोडत नाही. ट्रेलरच्या चाकांना ठोकळे. हौद्याचं मागचं झाकण खाली (हे विसरून झाकण चेपलेले ट्रक प्रत्येक कॅम्पग्राउंडवर दिसतात). ट्रेलरच्या मानेखालची थाळी हिचपेक्षा किंचित खाली, म्हणजे ट्रक मागे येताना तिला जरासा उचलतो. जबडा मिटला की टॉर्च घेऊन आत बघायचं, पिनभोवती पूर्ण बंद झालाय का. सात पिनांची वायर, सुटल्यास ब्रेक लावणारी तार. मग पाय जमिनीपासून बोटभरच उचलायचे, ट्रेलरचा ब्रेक केबिनमधल्या कंट्रोलरवरून हाताने दाबून धरायचा आणि ट्रक हळूच पुढे ओढायचा. ट्रक अडला तर जोडणी पक्की. त्यानंतर पाय पूर्ण वर, झाकण बंद, ठोकळे सगळ्यात शेवटी. मधेच कोणी गप्पा मारायला आलं तर पहिल्यापासून सुरू करायचं. लोकांना राग येतो, येऊ दे.

मागे घेताना हात स्टिअरिंगच्या तळाशी, सहाच्या काट्यावर धरा. ट्रेलरचं बूड ज्या बाजूला हवं त्या बाजूला हात न्या. एवढंच. डावं-उजवं उलटं करायची डोकेफोड संपते. फिफ्थ व्हील सावकाश ऐकतो, म्हणून नवखा माणूस वाट न बघता आणखी फिरवतो आणि मग तो एकदम मुडपतो. थोडं फिरवा, थांबा, बघा. कॅम्पग्राउंडवर जागा नेहमी ड्रायव्हरच्या बाजूने मागे घेता येईल अशी मागा. शंका आली की उतरून बघा. पुढे घेऊन सरळ करायला कोणी पैसे मागत नाही.

नवरा-बायकोची भांडणं: फोन चालू ठेवा, हातवारे बंद. आपल्याकडे ट्रकचा क्लीनर मागून पत्र्यावर थाप मारत "येऊंद्या, येऊंद्या... बास!" म्हणतो ना, तेच शब्द वापरा. आमच्याकडे 'बास' म्हणजे त्या क्षणी ब्रेक, कारण नंतर. आणि मागचा माणूस आरशात दिसेनासा झाला की चालवणाऱ्याने आपणहून थांबायचं.

अठरा_चाकी

+१. वळणाचंही लिहितो. ट्रेलर आतून कापतो. चौकात आधी सरळ पुढे जा, फुटपाथच्या कोपऱ्यापलीकडे, मग वळा, डोळा आतल्या आरशात. आणि ट्रेलरच्या चाकांच्या मागे जे बूड उरतं ते उलट्या बाजूला झुलतं. पेट्रोल पंपाचे खांब त्यातच जातात. ट्रकवाल्यांच्या डिझेल लेनमध्ये जा, तिथे कोणी हसत नाही.

कोलोरॅडोला रॅटन पासवरून जाल, ७,८०० फुटांच्या वर आहे. चढ ट्रक चढेल. उतार लागायच्या आधी गिअर खाली, टो-हॉल (ओढण्यासाठीचा गिअर मोड) चालू, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिननेच वेग रोखणारा) चालू. ब्रेकवर पाय ठेवून उतरू नका, वास यायला लागला म्हणजे उशीर झाला. ट्रेलरच्या टायरवर वेगमर्यादा असते, ती बघा. ताशी ६५ मैलांच्या वर मी तरी सांगणार नाही. (आमच्या कॅलिफोर्नियात ट्रेलर असला की ५५.)

एडिसनचा_बंड्या

पूर्वेकडे आलात तर दोन गोष्टी. न्यूयॉर्कच्या पार्कवे आणि कनेटिकटचा मेरिट पार्कवे, दोन्हींवर ट्रेलरला बंदी, पूलही बुटके. आणि बाल्टिमोरच्या बंदराखालच्या बोगद्यांतून तुमच्या आकाराची गॅसची टाकी नेता येत नाही. पूर्वी 'फ्रान्सिस स्कॉट की' पुलावरून जायचो, तो मार्च २०२४ मध्ये कोसळला, आता शहराभोवतीच्या आय-६९५ हायवेवरून पश्चिमेकडून वळसा. ट्रेलरची उंची फूट-इंचात मोजून डॅशबोर्डवर चिकटवा. साध्या फोनच्या नकाशाला तुमची उंची माहीत नसते.

वाळव्याची_पोर

धागा वर काढतेय. तोलून आणला. किंगपिनवर २,९४० आले. नवरा दोन दिवस गप्प होता, तिसऱ्या दिवशी जुना ट्रक विकायला काढला. आता एक टनी, मागे चार चाकांचा.

शाळेच्या स्टेडियमचं पार्किंग परवानगी काढून शनिवारी सकाळी मिळतं. डिटर्जंटचे रिकामे डबे पाण्याने भरून जागा आखली. पहिल्या शनिवारी सात डबे मेले, काल एक. सहाच्या काट्यावरचा हात ही खरी जादू आहे, निवांतताई. मागून "येऊंद्या, येऊंद्या" म्हणताना नवऱ्याचा आवाज हुबेहूब आमच्या आबांच्या ट्रॅक्टरवरच्या क्लीनरसारखा लागतो. त्याला सांगितलेलं नाही.

अंधारात मागे घ्यायला अजून जमत नाही, डाव्या आरशात काही दिसतच नाही. त्यावर कोणी सांगेल का? ए लायसनच्या परीक्षेची मला पुढच्या मंगळवारची तारीख मिळालीय. नवऱ्याने अजून फॉर्म भरलेला नाही.