पुन्हापुन्हा मुरगळणारा घोटा आणि रंगीत टेप: कबड्डीच्या मुलींसाठी नेमके काय घ्यावे?

मातीवरचा_प्रशिक्षक:

नमस्कार. पुण्यातील एका पेठेतल्या मंडळात मी गेली नऊ वर्षे १४ ते १८ वयाच्या मुलींना कबड्डी शिकवतो. आमचा नेहमीचा सराव मातीवर होतो आणि स्पर्धा जवळ आली की काही दिवस भाड्याने मॅट घेतो. या मोसमात चौघींचे घोटे मुरगळले; त्यांपैकी दोघींचा तोच पाय तीन महिन्यांच्या आत पुन्हा दुखावला. पहिल्या वेळी सूज उतरली, चालताना दुखेनासे झाले आणि आम्ही त्यांना चढाईला उतरवले. ही घाई माझीच होती, हे मान्य करतो.

आता पालकांचा आग्रह आहे की, दूरदर्शनवरच्या खेळाडूंच्या खांद्यांवर आणि गुडघ्यांवर दिसते तशी रंगीत टेप मुलींना लावावी. एका ठिकाणी आम्हांला असे सांगण्यात आले की, ही टेप त्वचा किंचित उचलते, त्यामुळे खालचा रक्तप्रवाह वाढतो आणि स्नायूला बळ येते. मंडळाचा पैसा वर्गणीतून येतो, त्यामुळे तो कशावर खर्च करावा हे विचारूनच ठरवावे असे वाटते. टेपने बळ येते याला संशोधनाचा आधार आहे का? आणि टेप, ब्रेस (घोट्याला आवळून बांधायचा आधार) व व्यायाम यांपैकी एकच परवडत असेल, तर कोणते निवडावे?

फिजिओ_कर्वेनगर:

सर, आधी दोन टेपांमधला फरक स्पष्ट करतो, कारण दवाखान्यातही लोक दोन्हींना सरसकट ‘टेप’ म्हणतात आणि तिथूनच गोंधळ सुरू होतो. तुम्ही पाहिलेली रंगीत, ताणली जाणारी पट्टी म्हणजे किनेसिओ टेप. आम्ही बोलताना तिला ‘केटी’ म्हणतो. जपानमधील कायरोप्रॅक्टर (मणक्यावर व सांध्यांवर हातांनी उपचार करणारे) केन्झो कासे यांनी १९७० च्या दशकात ती विकसित केली, आणि २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकनंतर ती घरोघरी ओळखीची झाली. दुसरी म्हणजे न ताणली जाणारी पांढरी किंवा तपकिरी रिजिड टेप, जी सांध्याला एका दिशेने वळू देत नाही. दोघींचे काम वेगळे आहे, आणि त्यांच्यामागचा पुरावाही वेगळा आहे.

त्वचा उचलण्याच्या सिद्धांताची थेट परीक्षा ब्राझीलमध्ये झाली. जुनाट कंबरदुखीच्या १४८ रुग्णांपैकी निम्म्यांना त्वचेवर सुरकुत्या पडतील अशा ताणाने टेप लावली आणि निम्म्यांना अजिबात न ताणता. २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा दोन्ही गटांना सारखेच बरे वाटल्याचे दिसले. सुरकुत्यांवरच सगळी मदार असती, तर असे झाले नसते. हा अभ्यास कंबरेचा होता, घोट्याचा नव्हता, हे खरे. परंतु तुम्हांला जो युक्तिवाद ऐकवला गेला तो अवयव पाहून बदलणारा नाही.

बळाबाबतचा प्रयोग मला याहून हुशारीचा वाटतो. हाँगकाँगमधील संशोधकांनी ३० निरोगी व्यक्तींच्या डोळ्यांवर पट्टी बांधली, स्नायूवर मोजमापाचे सेन्सर लावत आहोत असे सांगितले आणि प्रत्यक्षात मांडीवर कधी नियमानुसार टेप लावली, कधी नुसती चिकटवली, तर कधी लावलीच नाही. आपल्याला टेप लावली आहे हे ज्यांना ठाऊकच नव्हते, त्यांच्या मांडीच्या जोरात काहीही फरक पडला नाही. माझ्याकडे येणारे खेळाडू टेप लावल्यावर ‘आता जोर आला’ असे म्हणतात, तेव्हा मला हा प्रयोग हमखास आठवतो. ते खोटे बोलत नसतात, पण जोर टेपमधून आलेला नसतो.

रिजिड टेपचे तसे नाही. घोटा एकदा मुरगळलेला असेल, तर टेप किंवा ब्रेस वापरल्याने तो पुन्हा मुरगळण्याची शक्यता कमी होते, हे अनेक अभ्यासांतून दिसले आहे. तिची अडचण अशी की, खेळ सुरू झाल्यावर काही मिनिटांतच ती सैल पडू लागते, घामाने तर अधिकच. शिवाय ती दर वेळी नवी लागते आणि लावणारा हात सरावलेला असावा लागतो. म्हणून वर्गणीच्या पैशांत लेसने आवळता येणारा ब्रेस घ्या. तो वर्षभर टिकतो आणि मुलींना स्वतः बांधता येतो. मोज्यासारखे अँकलेट मात्र घेऊ नका. ते घोटा उबदार ठेवते, आवरत नाही.

जुना_चढाईपटू:

मी डॉक्टर नाही, परंतु वीस वर्षे खेळलो आहे, म्हणून मैदानावरची एक बाजू मांडतो. आमच्या वेळी पाय मुरगळला की आंबेहळद आणि रक्तचंदनाचा लेप लावत, गल्लीतला एखादा जाणता पाय ‘बसवून’ देई आणि तिसऱ्या दिवशी आम्ही मैदानात. लेपाने नुकसान झाले असेल असे मला वाटत नाही. सुजलेला घोटा पिळून काढणाऱ्या त्या हातांनी मात्र नक्कीच झाले. दुसरे असे की, कबड्डीत प्रतिस्पर्धी नेमका घोटाच पकडतो. टेपची कड सुटलेली असेल तर त्याच्या बोटांत ती अडकते, आणि ब्रेसला टणक पट्टी किंवा बकल असेल तर समोरच्याला इजा होऊ शकते. खरेदीपूर्वी पंचांना तो ब्रेस दाखवून घ्यावा.

मातीवरचा_प्रशिक्षक:

दोघांचेही आभार. घोटापकडीचा विचार मी केलाच नव्हता, हे कबूल करायला हवे. फिजिओ साहेब, व्यायामाबद्दल आपण काही लिहिले नाहीत. आणि मुलीला परत केव्हा उतरवावे, याची सूज आणि दुखणे यांखेरीज काही खूण आहे का?

फिजिओ_कर्वेनगर:

व्यायामाचे मुद्दाम मागे ठेवले होते, कारण त्याला पैसे लागत नाहीत आणि म्हणून कोणी ते वाचत नाही. नेदरलँड्समध्ये घोटा मुरगळलेल्या ५२२ खेळाडूंवर एक अभ्यास झाला; तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीचे उपचार सर्वांना मिळाले आणि एका गटाने त्याखेरीज आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा, घरच्या घरी, कोणाच्या देखरेखीशिवाय तोल सांभाळण्याचे व्यायाम केले. वर्षभरात त्या गटातील २२ टक्के खेळाडूंचा पाय पुन्हा मुरगळला, तर दुसऱ्या गटातील ३३ टक्क्यांचा. तिथल्याच पुढच्या एका अभ्यासात ३८४ खेळाडूंमध्ये ब्रेस आणि व्यायाम यांची तुलना झाली. वर्षभर ब्रेस घालणाऱ्यांत हे प्रमाण १५ टक्के राहिले, केवळ व्यायाम करणाऱ्यांत २७ टक्के. म्हणजे फक्त पुन्हा मुरगळणे टाळायचे असेल तर ब्रेस सरस ठरतो. तरीही मी व्यायाम सोडू देणार नाही. अस्थिबंध (सांध्याची हाडे जोडणारा पट्टा, लिगामेंट) ताणला गेल्यावर पाऊल कोणत्या कोनात पडते आहे याची जाणीव मंदावते, ब्रेस ती परत आणत नाही, आणि तुमची चढाईपटू बोनस रेषेवर एका पायावर भार देऊन दुसरा लांब टाकते तेव्हा तिला तीच जाणीव लागते.

परत उतरवण्यासाठी खडू आणि मोजपट्टी पुरेल. जमिनीवर एका बिंदूतून तीन रेषा आखा: एक समोर, दोन मागे तिरक्या. मुलीने एका पायावर उभे राहून दुसऱ्या पायाचे बोट प्रत्येक रेषेवर जमेल तितके लांब न्यायचे, भार न टाकता स्पर्श करायचा आणि तोल न जाता परत यायचे. दोन्ही पायांची मापे लिहून ठेवा. अमेरिकेत शालेय बास्केटबॉलपटूंवर झालेल्या २००६ च्या अभ्यासात, समोरच्या रेषेवर दोन पायांत ४ सेंटिमीटरपेक्षा अधिक फरक असलेल्यांना त्या मोसमात पायाची दुखापत होण्याची शक्यता अडीच पट आढळली. ही चाचणी एकटीच पुरेशी नाही. एका पायावर टाचा उचलणे, मग एका पायावर उड्या, मग पळताना दिशा बदलणे आणि सर्वांत शेवटी प्रत्यक्ष पकड, या क्रमाने पुढे जा. मधल्या एखाद्या पायरीनंतर दुसऱ्या दिवशी सूज आली तर एक पायरी मागे या.

आणखी एक. मुरगळल्यानंतर मुलगी चार पावलेही टाकू शकत नसेल, किंवा घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या मागच्या कडेवर, पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यावरच्या उंचवट्यावर किंवा आतल्या बाजूच्या कमानीवरच्या हाडावर दाबून दुखत असेल, तर तिला आधी एक्सरेला न्या. टेप, ब्रेस, लेप सगळे त्यानंतर.

मातीवरचा_प्रशिक्षक:

रविवारी सकाळी मैदानावर रेषा आखून चौघींची मापे घेतो आणि इथे लिहितो. पालकांसाठी रंगीत टेपचा एक रोल आणला गेला आहेच. तो परत होत नाही, म्हणून संघांच्या पाण्याच्या बाटल्या ओळखायला वापरावा म्हणतो.