चामड्याच्या कामात पहिली वस्तू कोणती करावी, आणि आपण या छंदाकडे कशामुळे वळलात?

गंगापूररोडकर

नमस्कार. मी नाशिकला गंगापूर रोडवर राहतो आणि माझी नोकरी दिवसभर संगणकासमोर बसण्याची आहे. गेल्या दिवाळीच्या सुमारास पाकिटाची शिवण उसवली म्हणून रविवार कारंजाजवळ रस्त्याकडेला बसणाऱ्या एका कारागिरांकडे गेलो होतो. त्यांनी बोलता बोलता, हाताकडे फारसे न पाहता, ती शिवण अशी बसवून दिली की तेव्हापासून हे काम आपल्यालाही थोडेफार जमावे असे वाटू लागले. उत्साहाच्या भरात मी एकदम खांद्याला अडकवायची पिशवीच करायला घेतली. मऊ काळे चामडे मागवले, चार रविवार घातले, आणि जे तयार झाले त्याला घरातले कोणी पिशवी म्हणत नाही. टाके दर्शनी बाजूने सरळ असले तरी मागच्या बाजूने नागमोडी गेले आहेत, आणि कडा कितीही घासल्या तरी त्यांचे तंतू सुटलेलेच राहतात.

तेव्हा विचारायचे आहे ते असे की, नवख्याने पहिली वस्तू कोणती करावी आणि तिला किमान कोणती हत्यारे लागतात? दुसरा प्रश्न थोडा घरगुती आहे. आईला घरात चामडे कापलेले पसंत नाही आणि बाजारात तयार पाकीट मिळत असताना हा खटाटोप कशासाठी, असे ती विचारते. मला तिला नीट उत्तर देता आलेले नाही. आपण मंडळी या कामाकडे कशी वळलात, तेही वाचायला आवडेल.

सातपूरचा फिटर

पिशवीपासून सुरुवात करून पस्तावलेले आपण एकटे नाही. मी सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत तीस वर्षे फिटर होतो, त्यामुळे मापांचे आपल्याला कोणी सांगायला नको असा माझा समज होता. तो पहिल्याच आठवड्यात गळून पडला. लोखंडात भोक चुकले तर वेल्डिंगने बुजवून पुन्हा पाडता येते, चामड्यात आरी एकदा गेली की ते भोक कायमचे.

आपल्या दोन तक्रारींची कारणे वेगवेगळी आहेत. कडा बसत नाहीत हा दोष हाताचा नसून चामड्याचा आहे. मऊ काळे चामडे बहुधा क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले असते. बाजारात बहुतेक माल तसाच मिळतो, कारण बाभळीची साल, हिरडा अशा वनस्पतींच्या टॅनिनने कमावण्यास कित्येक आठवडे लागतात, तर क्रोमियमचे काम एक-दोन दिवसांत उरकते. कापलेल्या कडेच्या मधोमध निळसर करडी छटा दिसली तर ते क्रोमचे समजावे. असे चामडे जॅकेटला उत्तम असते, पण त्याची कड पाण्याने घासून बसत नाही. सालीने कमावलेल्या चामड्यावर पाण्याचा थेंब टाकला की तो लगेच शोषला जाऊन डाग गडद होतो, ओलेपणी दिलेला आकार ते वाळल्यावर धरून ठेवते, आणि त्याची कड किंचित ओली करून जाड मांजरपाटाने जोर लावून घासली की तंतू एकमेकांत दबून ती गुळगुळीत होते. शिकण्यासाठी हेच घ्यावे. चामडे चौरस फुटावर विकले जाते, पण पहिल्या कामाला पुरतील एवढे कापून उरलेले तुकडे मागून घेतले तरी भागते.

मागचे टाके नागमोडी जातात, कारण आरी तिरकी शिरते. दर्शनी बाजूला भोक खुणेवर असते आणि मागे ते दीड मिलिमीटर सरकलेले असते. शिवाय दोन सुयांनी शिवताना आधी कोणती सुई घालायची आणि दुसरी सुई पहिल्या दोऱ्याच्या वरून काढायची की खालून, हा क्रम शेवटपर्यंत बदलता कामा नये. एका टाक्यात जरी तो उलटला तरी शिवणीचा कल तिथे मोडलेला दिसतो. एकदा क्रम हातात बसला की या शिवणीची खरी किंमत कळते. यंत्राच्या शिवणीत वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकलेले असतात, त्यामुळे एक टाका तुटला की शेजारचे सैल होत जातात. दोन सुयांच्या शिवणीत एकाच दोऱ्याची दोन्ही टोके प्रत्येक भोकातून आरपार जातात, म्हणून एक टाका तुटला तरी बाकीचे धरून राहतात.

पहिली वस्तू म्हणून मी कार्डे ठेवण्याचे साधे पाकीट सुचवीन. सव्वा ते दीड मिलिमीटर जाडीचे, १०० बाय ७० मिलिमीटरचे दोन तुकडे घ्यावेत आणि तीन बाजूंनी शिवावेत. बँकेचे कार्ड ८५.६ मिलिमीटर लांब असते. शिवण कडेपासून ४ मिलिमीटर आत घेतली तर आत ९२ मिलिमीटर उरतात आणि कार्ड सुखाने सरकते. दोरा शिवणीच्या चौपट घ्यावा, म्हणजे २४ सेंटिमीटरच्या शिवणीला साधारण एक मीटर होतो. भोकांचे अंतर आखण्यासाठी वेगळे हत्यार नसले तर जेवणाचा काटा चालतो, त्याचे दाते दाबून खुणा करत जावे. बाकी आरी, बोथट टोकाच्या दोन सुया, मेण लावलेला दोरा, धारदार कटर, लोखंडी पट्टी आणि ठोकायला कडप्प्याचा एखादा तुकडा एवढे पुरे. कडप्प्यावर कापू मात्र नये, धार एका दिवसात जाते.

कशामुळे वळलो म्हणाल, तर निवृत्तीनंतर हात रिकामे राहवेनात. त्याहून मोठे कारण माझ्यापाशी नाही.

निफाडची बाग

मी हे छंद म्हणून सुरू केलेच नव्हते. ऑक्टोबर छाटणीच्या वेळी कात्री दिवसभर कमरेला लागते, खिशात ठेवली तर खिसा फाटतो आणि बाजारातल्या नायलॉनच्या म्यानातून तिचे टोक हंगाम संपण्याआधी बाहेर येते. म्हणून तीन मिलिमीटर जाडीच्या चामड्याचे म्यान स्वतः केले. वरील सल्ल्याशी मी सहमत आहे, तरी ज्यांना रोज वापरण्याचे अवजार आहे त्यांनी म्यानाने सुरुवात करायला हरकत नाही, कारण त्यात देखणेपणाची अपेक्षा कमी आणि उपयोग लगेच असतो. एक गोष्ट पाळावी. दोन थरांच्या मध्ये, शिवणीच्या कडेने चामड्याची अरुंद पट्टी घालून तिन्ही एकत्र शिवावे, म्हणजे पाते दोऱ्यापर्यंत पोहोचत नाही. माझ्या पहिल्या म्यानात ही पट्टी नव्हती आणि दोरा आतून कापला गेला.

दुसरी चूक अधिक गमतीची होती. आकार यावा म्हणून मी ओले चामडे कात्रीभोवतीच दाबून रात्रभर ठेवले, आणि सकाळी त्यावर कात्रीचा काळा ठसा उमटलेला होता. टॅनिन आणि लोखंड ओलाव्यात एकत्र आले की काळा रंग तयार होतो. हिरड्याची शाई पूर्वी याच गुणामुळे करत. आता मी कात्री प्लास्टिकच्या पातळ कागदात गुंडाळतो आणि लोखंडी चापांऐवजी कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लावतो.

आजोबांची रापी

आपल्या दुसऱ्या प्रश्नावर लिहितो. आमचे घराणे चर्मकारांचे, गाव सिन्नर तालुक्यातले. आजोबा बलुतेदार होते. शेतकऱ्यांच्या मोटा सांधायच्या, वहाणा करायच्या आणि सुगीला खळ्यावरून धान्य आणायचे, असा तो व्यवहार होता. वडिलांना नाशिक रोडला नोकरी लागली तेव्हा त्यांनी आजोबांची हत्यारे पेटीत घालून पेटी माळ्यावर टाकली आणि आम्हा भावंडांना त्यातले एकही हातात घेऊ दिले नाही. ज्या कामामुळे आजोबांना गावाच्या पाणवठ्यापासून लांब उभे राहावे लागले, ते काम मुलांच्या हाती जाऊ नये हा त्यांचा निर्णय त्या काळात बरोबरच होता. आज तेच काम शिकायला शहरात लोक शुल्क भरून बसतात. मला त्याचा राग नाही, उलट हत्यारांची नावे पुन्हा ऐकू येतात याचे बरे वाटते. परंतु “चामडे घरात नको” हे वाक्य आमच्या घराने फार वेळा ऐकलेले आहे, आणि आपल्या आईंना ते म्हणताना कदाचित फक्त वास आणि कचरा अभिप्रेत असेल, तरी त्या वाक्याला असा इतिहास आहे हे आपल्याला ठाऊक असावे.

मी तीन वर्षांपूर्वी ती पेटी खाली काढली. रापी, म्हणजे चामडे कापण्या-तासण्याचे पाते, आणि आरी ओळखता आल्या, बाकीच्या निम्म्या वस्तूंची नावे मला सांगता येईनात, आणि त्या शरमेपोटी मी शिकायला लागलो. माझी पहिली वस्तू त्या रापीचेच म्यान होती. रापीने कड तासायला अजून मला नीट जमत नाही. चामडे दगडावर सपाट धरून पाते जवळजवळ आडवे ठेवावे लागते, आणि जरा उभे झाले की तुकडा कापला जातो.

एक सुचवतो. ज्यांचे काम पाहून आपल्याला ही इच्छा झाली त्या कारागिरांकडेच पुन्हा जावे, त्यांच्या वेळेचे पैसे द्यावेत आणि शेजारी बसून पाहावे. त्यांच्या आरीच्या टोकाला खाच असते आणि ती खालचा दोरा वर ओढून आणते, त्यामुळे ती शिवण दोन सुयांच्या शिवणीहून वेगळी आहे, एवढे ध्यानात ठेवावे.

गंगापूररोडकर

सर्वांचे आभार. शेवटच्या उत्तरानंतर दोन दिवस काही लिहावेसे वाटले नाही. त्या कारागिरांचे नावही मी विचारले नव्हते, हे तेव्हा लक्षात आले. ते या रविवारी विचारले आणि तासभर बसलो. आरी सरळ जाते की नाही हे पाहण्यासाठी त्यांनी मला सारखे चामडे उलटून बघायला लावले.

पाकीट झाले. मागची शिवण पूर्वीपेक्षा बरीच सरळ आहे. मात्र भीतीपोटी मी टीप कडेपासून ६ मिलिमीटर आत घेतली, त्यामुळे आत ८८ मिलिमीटरच उरले आणि दोन कार्डे एकदा आत गेली की ओढून काढावी लागतात. कड घासायला मांजरपाट आईनेच काढून दिले, कशाला हवे ते तिने विचारले नाही. आता हे पाकीट उसवून पुन्हा शिवावे का, आणि उरलेले चामडे पावसाळ्यात कसे ठेवावे?

सातपूरचा फिटर

उसवू नका, जुनी भोके उघडी राहतील. पाकीट आतून-बाहेरून ओलसर करा, तीन जुनी कार्डे प्लास्टिकमध्ये गुंडाळून आत घाला आणि सावलीत रात्रभर वाळू द्या. सालीचे चामडे तेवढे सैल पडते. उरलेले चामडे सुती कापडात गुंडाळून फडताळाच्या वरच्या खणात ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेत तर श्रावणापर्यंत त्याला बुरशी येईल.