मितोते म्हणजे गोंधळच! मेक्सिकोच्या बोलीतले नाहुआत्ल शब्द

प्रश्न :
ऑफिसात मेक्सिकोच्या लोकांशी रोज बोलणं होतं. वर्षभर स्पॅनिश शिकतेय, तरी त्यांचे बरेच शब्द पुस्तकात सापडत नाहीत. परवा दोघांच्या वादावादीला कुणीतरी 'मितोते' म्हणालं. शिवाय 'आपापाचार' म्हणजे 'आत्म्याने मिठी मारणे' असा एक फॉरवर्ड आलाय. हे शब्द मूळचे स्पॅनिश आहेत का? मराठीत काय म्हणावं?

उत्तर :
ताई, दोन्ही नाहुआत्लमधून आलेत. १५२१ मध्ये ज्यांची राजधानी तेनोच्तित्लान स्पॅनिश फौजेनं जिंकली, त्या अस्तेकांची ही भाषा. आजही जिवंत आहे. मेक्सिकोच्या २०२० च्या जनगणनेत तिचे सोळा लाखांवर भाषक नोंदले गेले.

'मितोते'साठी तर आपल्याकडे तयार शब्द आहे : गोंधळ. मूळ धातू नाचण्याचा. मितोते म्हणजे आधी नाच, मग आरडाओरडा, भांडण, भानगड. भानगडी लावत फिरणारा तो 'मितोतेरो'. आपलंही तसंच झालं. दिवटी पेटवून, संबळ-तुणतुण्यावर रात्रभर देवीचा जागर चालतो तो गोंधळ, आणि वर्गात पोरं घालतात तोही गोंधळच. साम्य इथं संपत नाही. मेक्सिकोतल्या दुरांगो-नायारितच्या डोंगरांत तेपेवान आणि कोरा लोक आजही 'मितोते' करतात : रात्रभर शेकोटीभोवती नाच, आणि साथीला भोपळ्यावर टेकवून वाजवायचं एकतारी धनुष्य. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमच्या घरच्या लग्नानंतरचा गोंधळ आठवला. तेच तुणतुणं, तोच जागर.

एक फरक मात्र मला महत्त्वाचा वाटतो. गोंधळाचा 'गडबड' हा अर्थ आपणच, आपल्याच भाषेत केला. मितोतेचा अर्थ ज्यांनी घसरवला ते बाहेरून आलेले होते; त्यांना त्या नाचात फक्त गलका ऐकू आला. चिलीत 'कावीन'चंही हेच झालं. 'मापुचे' नावाच्या तिथल्या मूळ लोकांच्या भाषेत ते जमून खाणंपिणं होतं, चिलीच्या स्पॅनिशमध्ये ती चहाडी आणि लावालावी झाली.

आता 'आपापाचार'. 'आत्म्याने मिठी' हा अर्थ कृपया पुढे पाठवू नका. मूळ क्रियापद 'पापात्सोआ'. स्पॅनिशच्या राजअकादमीच्या कोशात त्याचा अर्थ साधा आहे : बोटांनी दाबून मऊ करणे. त्यात आत्मा कुठंच नाही. रायवळ आंबा चोखण्याआधी आपण तो तळहातात घेतो, साल फुटू न देता बोटांनी हळूहळू दाबत फिरवतो, ते डोळ्यांपुढे आणा. तीच बोटं लेकराच्या पाठीवरून फिरली की झालं आपापाचार. मला हा अर्थ त्या फॉरवर्डपेक्षा कितीतरी जवळचा वाटतो. मराठीत 'गोंजारणं' म्हणा. जिथं खाऊपिऊ घालून लाड चाललेत तिथं 'लाड करणं'.

आणखी एक वाचक :
यात भर घालतो. शेवटी 'ते' दिसला की नाहुआत्लचा संशय घ्यावा. मूळ 'त्ल' स्पॅनिश जिभेला जमेना, त्याचा 'ते' झाला. तोमात्लचं तोमाते, पेत्लात्लचं पेताते, म्हणजे चटई. गरिबाला मेल्यावर चटईतच गुंडाळायचे, म्हणून 'से पेतातेओ' म्हणजे 'गचकला'. माझा आवडता शब्द 'इताकाते' : वाटेसाठी बांधून दिलेलं खाणं. पंगत उठल्यावर पाहुण्याच्या हातात डबा ठेवतात, तोही इताकाते. याला शिदोरीशिवाय दुसरा शब्द शोधूच नये.

प्रश्न :
पण यातले बरेच शब्द हलक्या दर्जाचे का वाटतात? बटाटा, अननस, काजू हेही अमेरिकेतल्या मूळ भाषांतूनच आले ना? ते तर चांगले सभ्य आहेत.

उत्तर :
बटाटा कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो भाषेतला; अननस आणि काजू ब्राझीलच्या तुपीतले. तिन्ही पोर्तुगीज जहाजांतून आपल्याकडे उतरले. वस्तूबरोबर तिचं नाव आलं, तिला दुसरं नाव नव्हतंच. माणसांसाठीचे शब्द मात्र माणसं एका घरात, एका कामावर राहिल्याशिवाय उचलले जात नाहीत, आणि तिथं कोण मालक, कोण चाकर हे ठरलेलं होतं. 'इत्झ्क्विंत्ली' म्हणजे कुत्रा. त्याचं 'एस्क्विंक्ले' झालं, म्हणजे कार्टं. 'अचिचिंक्ले' म्हणजे शब्दशः पाणी शोषणारा. खाणीत झऱ्याचं पाणी उपसून टाक्यांत नेणारा तो मजूर. आज साहेबाच्या मागेपुढे करणाऱ्या चमच्याला म्हणतात. इतक्या कष्टाच्या कामाचं नाव शिवी व्हावं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

सगळेच शब्द खाली गेले असंही नाही. 'कोआत्ल'चे अर्थ दोन, साप आणि जुळं. त्यातल्या जुळ्यावरून 'क्वाते' आला : आधी जुळा भाऊ, मग जिवलग दोस्त.

तुमच्या ऑफिसपुरतं सांगायचं तर 'क्वाते' आणि 'इताकाते' बिनधास्त वापरा. 'मितोते' हसत्याखेळत्या गप्पांत चालेल. 'अचिचिंक्ले' कुणाच्या तोंडावर म्हणू नका. आणि कुणाकडे दुःखाचा प्रसंग असेल तर 'पेतातेओ' चुकूनही नको. तिथं 'फायेसिओ' म्हणा, आपल्या 'वारले'सारखं.