मदत हवी आहे : सरावासाठी ब्रॉडसोर्ड (रुंद पात्याची तलवार), नायलॉनची की पोलादाची?

नौपाडाकर : या आठवड्यात तलवार मागवायची आहे, त्यामुळे कृपया थेट उत्तर द्यावे. शोभेच्या तलवारी सुचवू नयेत.

नेरूळवासी : आपण जाळीदार मुठीच्या स्कॉटिश तलवारीविषयी विचारत आहात का? सराव एकट्याने करता की जोडीदारासह? चेहऱ्याच्या संरक्षणाचे मुखवटे कोणते आहेत? हे कळल्याशिवाय सल्ला देणे धोक्याचे आहे.

नौपाडाकर : स्कॉटिशच, 18व्या शतकातील पद्धतीची. जोडीदार आहे. मुखवटे 350 न्यूटनचे आहेत.

घोडबंदर_रोड : पोलादाचीच घ्या. पोलादी पाती एकमेकांत रुततात आणि प्रतिस्पर्ध्याचा दाब मनगटाला कळतो. नायलॉनची पाती नुसती घसरतात. पाते स्प्रिंग स्टीलचे, कडा सुमारे 2 मिलिमीटर जाडीच्या, टोक गोल आणि वजन सव्वा किलोच्या आसपास असावे. स्टेनलेसचे लांब पाते आघाताने मोडू शकते, म्हणून ते मुळीच नको.

नेरूळवासी : या मुखवट्यांवर पोलाद नको. 350 हा आकडा गळ्यावरच्या कापडाच्या मजबुतीचा आहे, आणि साध्या फेन्सिंगच्या मुखवट्याने डोक्याची मागची बाजू उघडीच राहते. डोक्यामागे जाड आच्छादन मिळेपर्यंत दोघांनीही नायलॉनच वापरावे. एकाने पोलाद आणि दुसऱ्याने नायलॉन घेतल्यास नायलॉनच्या कडा सोलल्या जातात.

ऐरोलीचा_गदगा : दोन्ही कशाला? आपल्या फरीगदग्यात (ढाल-काठीच्या खेळात) चामडे मढवलेल्या काठीने हात तयार होतो, आणि ब्रिटनमध्येही वेताची टोपली लावलेल्या काठीनेच ही विद्या शिकवत असत. सुरुवात तिथूनच करावी.

घोडबंदर_रोड : काठी गोल असते, त्यामुळे वार धारेने बसला की पात्याच्या सपाट बाजूने, हे तिच्यावर कळत नाही. ब्रॉडसोर्डमध्ये सारे त्यावरच अवलंबून आहे.

ऐरोलीचा_गदगा : अंतर आणि पावले जमली नसतील, तर धार नीट वळवूनही वार पोहोचत नाही.

वाशी_सेक्टर_९ : पावसाळ्यात पोलादी तलवार चामडी म्यानात ठेवू नका, चामडे ओल धरते आणि पाते गंजते. पात्याला मशीन ऑइलचा पातळ हात द्यावा. शिवाय शस्त्रनियमांत 9 इंचांहून लांब पात्याच्या तलवारींचा उल्लेख आहे, म्हणून बोथट असली तरी आधी पोलीस ठाण्यात विचारून घ्यावे.

नौपाडाकर : गंजाविषयी मी विचारले नव्हते. दोघांसाठी नायलॉनच्या मागवतो. मूठ कोणत्या मापाची घ्यावी?

नेरूळवासी : हातमोजा घालून तळहाताची रुंदी मोजा आणि जाळीच्या आतील मोकळी जागा विक्रेत्याकडून लेखी मागवा. जाड हातमोजा बहुतेक जाळ्यांत मावत नाही. पातळ पण बोटांच्या पेरांवर अस्तर असलेला पाहा.